आणीबाणीच्या वेळी संपर्क

धरमपेठेतल्या एजंटाने चहा पाजला
आणि चकचकीत कागदावर सात दिवसांचा व्हिएतनाम पसरला:
सकाळी सहाला उठवणार, दुपारी वरणभात,
मराठी बोलणारा टूर मॅनेजर,
प्रत्येकाला एक टोपी मोफत.
"टोपी हाय माझ्याजोळ," मामाजी म्हणाले
आणि चप्पल शोधू लागले.

त्या रात्रीपासून मानेवाड्याच्या आमच्या घरात
जेवणाच्या टेबलावर जेवण होत नाही.
तिथे लॅपटॉप, तिष्याची गणिताची जुनी वही,
रबरबँड लावलेले चार पासपोर्ट,
आणि कूलरच्या वाऱ्याने हनोई उडून जाऊ नये
म्हणून नकाशावर ठेवलेला अडकित्ता.

नितेश तिकिटं शोधतो रात्री दोनला,
त्याची आई बाजार उठता उठता
कॉटन मार्केटात भाजी घ्यायची, तसा.
"कोलकात्यावरून अकरा हजार वाचतात,
पण विमानतळावर नऊ तास बसावं लागेल."
"बसू," मी म्हणते. "पोळ्या नेऊ."

हॉटेल: एका रात्रीचे नऊ लाख.
मामाजींचा चहा बशीतच राहिला.
"बेसा रोडचा प्लॉट इकाचा का मंग?"
तिष्याने वहीत तीनशेने भागलं. तीन हजार.
तेव्हापासून ते उलटं गुणतात:
कांदे नऊ हजार किलो,
दुधाचं बिल सहा लाख.
फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात
आणि श्रीमंत चेहऱ्याने आत येतात.

भांडण झालं ते एकदाच.
हनोईहून दा नांगला विमान सव्वा तासाचं,
गाडी सतरा तासांची.
अजनीच्या यार्डात एकतीस वर्षं
ज्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना वाट करून दिली, ते म्हणाले,
"सतरा तास? तं काय झालं?
मले कोणत्या ड्युटीवर जायचं हाय?"
नितेश गप्प झाला.
मी गाडीची चार तिकिटं काढली,
एक खालचा बर्थ, समुद्राच्या बाजूचा.
समुद्र कोणत्या बाजूला, हे कळायला
मला दोन संध्याकाळी लागल्या.
(दक्षिणेला जाताना डावीकडे.)
आणि या घरात पहिल्यांदाच कुणी विचारलं नाही
की मी कुणाला विचारलं.

मग व्हिसाचा अर्ज.
धर्म: बौद्ध.
तेवढी ओळ मामाजींनी दोनदा वाचायला लावली.
त्यानंतर तो रकाना आला:
आणीबाणीच्या वेळी संपर्क.
सोबत प्रवास न करणारी व्यक्ती.

आजवर कुणीतरी घरी असायचं.
कुणीतरी राहायचं
म्हणून कुणीतरी जाऊ शकायचं.
बहुतेकदा राहायचे मी.
आता चौघंही चाललो.
नितेशचा भाऊ पुण्यात, फोन उचलत नाही.
माझ्या बहिणीचा नंबर दर सहा महिन्यांनी नवा.
रकाना लाल होऊन बसला,
पुढचं पान उघडेना.

भिंतीपलीकडे ठवकर.
मागच्या एप्रिलपासून बोलणं बंद,
आमच्या कूलरचं पाणी त्यांच्या भिंतीत मुरतं म्हणून.
नऊच्या सुमारास गेले. लाइट गेलेली.
ते बनियनवर पायरीशी बसलेले,
पुठ्ठ्याने वारा घेत.
मी उभ्याउभ्याच सांगितलं.
पुठ्ठा थांबला.

"म्हणजे तुमाले तिकडं काई झालं
तर ते लोकं मले फोन करतीन?"
"हो."
"कोणत्या भाषेत?"
"माहीत नाही."

बराच वेळ ते अंधारात आमच्या घराकडे पाहत होते,
जणू ते आत्ताच रिकामं झालंय.
"करू द्या," म्हणाले.
"अन् ठवकरमधी डब्ल्यू टाका, व्ही नाई.
बँकेनं एक डाव लय घोळ केला होता."

मी वळले, फाटकाची कडी लावली.
मागून आवाज आला,
"अन् जातानी तो कूलर बंद करून जाजा."